पोळ्याच्या रात्री चांदणं: भविष्यातल्या जोडगोष्टींचा ताळमेळ पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर

समस्या

एकाच भविष्यात घडणाऱ्या जोडगोष्टी लिहिणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं असेल. एका गोष्टीत विहीर गावाच्या उगवतीला असते, दुसरीत मावळतीला. एकीत आजी पंच्याऐंशीची, आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या गोष्टीत ऐंशीची. आपण चूक सुधारतो, आणि दोन महिन्यांनी तीच चूक तिसऱ्याच गोष्टीतून वर येते.

माझ्या विज्ञानकथांच्या मालिकेत चौदा गोष्टी आहेत. गाव एकच, कल्पित, यवतमाळ जिल्ह्यात अडाण नदीच्या काठचं. पहिली गोष्ट २०४१ सालात घडते, चौदावी २२९० मध्ये. प्रत्येक गोष्ट सुटी वाचता येते, पण माणसं, वावरं, विहिरी, यंत्रं एकीतून दुसरीत जातात. एका गोष्टीतलं पोट्टं पुढच्या गोष्टीत बुढा झालेलं असतं. कितीतरी वर्षं मी हे दुखणं अंगावर काढलं. ते आता बरंचसं आटोक्यात आहे, म्हणून जे उपयोगी पडलं ते इथे लिहितो.

सहावी गोष्ट मी गावातल्या वाचनालयात वाचून दाखवली होती. तिच्यात गंगूमाय पोळ्याच्या रात्री अंगणात बाज टाकून बसलेली असते. वर टिपूर चांदणं. तिची मुलगी वेणू ज्या ताऱ्याकडे निघून गेली आहे, त्या ताऱ्याकडे ती बघत असते. वाचन संपलं, तर दहावीतली एक मुलगी उभी राहिली.

"काका, पोयाच्या दिवशी अवस असते ना? मंग चांदणं कुठून आलं?"

पोळा श्रावणातल्या अमावस्येला असतो. त्या रात्री चंद्र नसतोच. हे गावातल्या लहान लेकरालाही माहीत असतं, आणि मला तर लहानपणापासून माहीत होतं. तरी लिहिताना चांदणं आलं, कारण वाट पाहणाऱ्या आईच्या डोक्यावर मला चांदणं हवं होतं. घरी जाऊन मी ते वाक्य बदललं, काळोख केला. पण तीन महिन्यांनी नववी गोष्ट पुन्हा वाचत होतो, तर तिच्यात गंगूमायचा नातू सांगत होता, "आजीची सावली चांदण्यात अंगणभर पडली होती." काळोख्या रात्रीची सावली. म्हणजे सहाव्या गोष्टीतली चूक नवव्या गोष्टीत तशीच होती, आणि अकराव्या गोष्टीतल्या एका चिठ्ठीतही.

दुरुस्ती पुन्हा का उसवते

बरेच दिवस मला वाटायचं की आपली आठवण कमी पडते. तसं नव्हतं. चूक जिथे दिसली तिथे मी सुधारत होतो, पण ती गोष्ट आणखी कुठे कुठे टेकलेली आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

उपाय सापडला तो वाटणीच्या कामासाठी पटवाऱ्याकडे गेलो तेव्हा. (तलाठ्याला आमच्याकडे अजून पटवारीच म्हणतात.) तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं की एकाच गावाची शेकडो वर्षांची गोष्ट विसंगती न होता कशी सांगायची, याची पद्धत महसूल खात्याने कधीचीच बसवून ठेवली आहे. वावर विकलं, वाटणी झाली, वारस लागले, की सातबाऱ्यावरचं नाव थेट बदलत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच सातवर नाव बदलतं. जुनं नाव नाहीसं करत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहितात. पन्नास वर्षांनी कोणी विचारलं, तर काय बदललं, कधी आणि कशामुळे, ते सगळं सापडतं.

मी दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि त्याचे चार भाग केले.

'सात'मध्ये प्रत्येक जागेला, माणसाला आणि यंत्राला एकेक पान: आज त्याच्याबद्दल खरं काय आहे. 'बारा'मध्ये, पिकांच्या नोंदीसारखी, वर्षाला एक ओळ: त्या साली काय घडलं, कोण किती वर्षांचं. 'सहा' म्हणजे फेरफार. आणि 'आठ अ'. खऱ्या आठ अ मध्ये एका खातेदाराच्या नावावर कुठली कुठली जमीन आहे ते असतं. माझ्या आठ अ मध्ये प्रत्येक गोष्टीचं एक खातं आहे, आणि ती गोष्ट कुठल्या कुठल्या नोंदींवर उभी आहे ते त्यात लिहिलेलं आहे.

खरा आजार बरा केला तो या आठ अ ने. बाकी तीन भाग बहुतेक लेखक या ना त्या रूपात ठेवतातच. रॉबर्ट हाइनलाइन यांनी आपल्या भविष्यकथांचा असाच मोठा तक्ता केला होता, १९४१ मध्ये तो 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' मासिकात छापूनही आला: सालं, गोष्टी, माणसांच्या आयुष्याच्या रेघा, त्या त्या काळातलं तंत्रज्ञान. माझ्या 'बारा'लाही त्या रेघांनी मोठी मदत केली; कोण कोणाला भेटू शकतं हे रेघ बघितली की कळतं. पण तक्ता दाखवतो जग कसं आहे. त्यातलं एक साल हलवलं तर कुठल्या गोष्टीतलं कुठलं वाक्य खोटं पडेल, ते आठ अ सांगतं.

माझी पहिली नोंद अशी:

फेरफार क्र. १. गोष्ट सहावी. पूर्वीची नोंद: पोळ्याच्या रात्री चांदणं. नवीन नोंद: काळोख. कारण: अमावस्या. कुठे लागू: नववी (नातवाची आठवण), अकरावी (चिठ्ठीतला उल्लेख).

'कुठे लागू' हा रकाना भरल्याशिवाय गोष्टीतला एक शब्दही बदलायचा नाही, हा नियम मी पाळतो. मंडळ अधिकाऱ्याचं काम त्या मुलीकडे दिलं. ती आता बारावीत आहे. नोंद केली की पंधरा दिवस तशीच ठेवतो, ती हरकत घेते किंवा सही करते. लिहिणाऱ्याने स्वतःच्या नोंदी स्वतः प्रमाणित करू नयेत.

आधी आभाळ तपासा

कोणती नोंद ठेवायची आणि कोणती बदलायची, हा प्रश्न दरवेळी येतो. माझा क्रम ठरलेला आहे: आभाळ, गणित आणि नकाशा यांच्यापुढे लेखकाचं काही चालत नाही. ते सांगतील तसं. त्याखाली, जिच्यावर जास्त गोष्टी उभ्या आहेत ती नोंद राहते. दोन्ही बाजू सारख्याच असतील, तर आधी लोकांपुढे गेलेली राहते.

चंद्र गेला, आता तारा. वेणू गेली टाऊ सेटीकडे. हा तारा नुसत्या डोळ्यांना दिसतो, फार ठळक नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास तो आमच्याकडून दक्षिणेला चांगला उंचावर असतो. पोळ्याच्या दिवसांत मात्र तिन्हीसांजेला तो उगवलेलाच नसतो. रात्री नऊ-दहानंतर पूर्वेकडून, जरा दक्षिणेला सरकून वर येतो, तोही ढग नसतील तर. माझी गंगूमाय दिवेलागणीला दक्षिणेकडे बघत होती. आता ती बैलांची पूजा, जेवणंखाणं आटोपून, गाव झोपल्यावर बाज बाहेर काढते आणि पूर्वेकडच्या धुऱ्यावर नजर लावते. गोष्टीचं यात काही बिघडलं नाही. उलट तिचं एकटेपण मला आधी सापडत नव्हतं, ते यामुळे सापडलं.

तारखांचं काम किचकट आहे. पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला आला, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. २०२४ मध्ये २ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. म्हणून '२१४६ चा पोळा' लिहून शेजारी मनाला येईल ती तारीख टाकता येत नाही. १९ वर्षांनी अमावस्या-पौर्णिमा जवळपास त्याच तारखांवर परत येतात, एखाद्या दिवसाचा फरक धरावा. गोष्टीपुरतं मी तेवढ्यावर भागवतो, आणि शक्य तिथे तारीख देतच नाही. 'पोळ्याच्या आदल्या दिवशी' म्हटलं की वाचणाऱ्याला पऱ्हाटी किती वर आली असेल ते कळतं, पावसाचा अंदाज येतो. तारखेने यातलं काहीच कळत नाही.

संक्रांतीने मला जास्त फसवलं, कारण संक्रांत १४ जानेवारीची हे डोक्यात पक्कं बसलेलं. ती हलते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. आता ती १४-१५ ला येते. साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे, असा हिशेब आहे. गंगूमाय वारते ती २१६५ च्या संक्रांतीला, आणि ती संक्रांत १६ जानेवारीच्या आसपासची. आठव्या गोष्टीत एक लेकरू मी २९ फेब्रुवारी २१०० ला जन्माला घातलं होतं. २१०० हे लीप वर्ष नाही, त्यामुळे तो दिवसच नाही. त्याच्या नावाची गंमत त्या तारखेवर उभी होती, ती सगळी काढावी लागली.

नकाशाचं थोडक्यात. पाचव्या गोष्टीत पुरात वाहून गेलेली पेटी मी अरबी समुद्राला लावली होती. आमची अडाण पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीत जाते. पेटी बंगालच्या उपसागरालाच जाणार. अकोल्याकडची पूर्णा तापीला मिळते, ते पाणी मात्र पश्चिमेला जातं. तिसऱ्या गोष्टीतला म्हातारा "आपलं पानी उगवतीच्या समुद्राले जाते" असं बरोबर सांगत होता. मीच दोन गोष्टींनंतर ते विसरलो.

वेणूच्या चिठ्ठ्या

या भागावर मी एक अख्खा उन्हाळा घालवला. आंतरतारकीय प्रवास असलेली मालिका लिहिणाऱ्या कोणालाही हीच अडचण येणार, म्हणून सविस्तर लिहितो.

जहाज २१३१ च्या पोळ्यानंतर लगेच निघतं. वेणू २४ वर्षांची आहे, गंगूमाय ५२ ची. टाऊ सेटी ११.९ प्रकाशवर्षं दूर आहे. जहाजाचा वेग प्रकाशाच्या ०.८ पट. वेग घ्यायला आणि पुन्हा कमी करायला जो काळ लागेल तो हिशेब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवतो. तो धरला तर आकडे थोडे वाढतात, घडी तीच राहते.

गावाच्या घड्याळाने प्रवास ११.९ भागिले ०.८, म्हणजे १४.९ वर्षांचा. जहाज २१४६ मध्ये पोहोचतं. पहिल्या खर्ड्यात 'पोहोचले' ही चिठ्ठी गंगूमायला त्याच वर्षीच्या पोळ्याला मिळत होती. चिठ्ठी प्रकाशाच्या वेगाने आली तरी तिला ११.९ वर्षं लागतात, हे मी धरलंच नव्हतं. मुलगी पोहोचल्याचं आईला कळतं ते निघाल्यापासून जवळजवळ २७ वर्षांनी, २१५८ च्या जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत. गंगूमाय तेव्हा ६७ ची नाही, ७९ ची आहे. तिला ऐकू कमी येतं. चिठ्ठी दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावी लागते. हा बदल नोंदवला आणि पाच गोष्टींना हात लावावा लागला.

वेणूचं वय ही दुसरी चूक. तिचा जन्म २१०७ चा. सालातून जन्मसाल वजा केलं की वय, ही सवय इथे चालत नाही. ०.८ वेगाला जहाजावरचं घड्याळ गावाच्या घड्याळाच्या ०.६ पट चालतं. १४.९ वर्षांचा प्रवास तिच्यासाठी ८.९ वर्षांचा होतो, आणि ती पोहोचते तेव्हा ३३ ची असते; वजाबाकी ३९ सांगते. ही सहा वर्षांची तफावत तिला जन्मभर चिकटलेली राहते. माझ्या रजिस्टरात तिच्या पानावर वयाचे दोन रकाने आहेत, एक गावाचा, एक तिचा. तुमच्या गोष्टीतही कोणी असा प्रवास करणार असेल, तर पहिल्या दिवसापासून दोन रकाने करा. नंतर करायला गेलं की प्रत्येक वाढदिवस शोधत फिरावं लागतं.

तिसरी चूक मला आपण होऊन दिसलीच नसती. जहाजाच्या घड्याळाने वर्ष पूर्ण झालं की वेणू एक चिठ्ठी धाडते. मी गृहीत धरलं होतं की गावातही वर्षाला एक चिठ्ठी येत असणार. पण जहाज दूर पळतंय. प्रत्येक चिठ्ठी आधीच्यापेक्षा लांबून निघते, शिवाय तिचं वर्षच आपल्या वर्षापेक्षा लांब आहे. दोन्ही धरून ०.८ वेगाचा हिशेब नेमका तीनवर येतो: वेणूच्या एका वर्षाची चिठ्ठी गावात तीन वर्षांनी. गंगूमायला तीन पोळ्यांना एक चिठ्ठी मिळते. आठ चिठ्ठ्या यायला २४ वर्षं जातात. मग २१५८ मध्ये 'पोहोचले' येते, त्याच पावसाळ्यात नववी येते, आणि त्यानंतर दर वर्षी एक.

हा हिशेब पहिल्यांदा वहीवर उतरला तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. गावाच्या बाजूने पाहा. पंचवीस वर्षं लोक म्हणतात, पोरगी मायला विसरली, तीन-तीन वर्षं चिठ्ठी नाही. आणि मग एकदम दर वर्षी. बाया म्हणतात, तिकडे गेल्यावर आठवण यायला लागली. वेणू मात्र पहिल्यापासून तिच्या हिशेबाने दर वर्षी न चुकता लिहीत आली आहे. अख्खं गाव तिच्याबद्दल चुकीचं बोलत राहतं आणि ते तिला कधी कळतही नाही. दहावी गोष्ट आता पूर्णपणे यावरच आहे. आधी ती जहाजातल्या बिघाडाची गोष्ट होती.

उलट बाजूलाही तेच. गंगूमाय दर पोळ्याला लिहिते, पण मागून निघालेली चिठ्ठी पळत्या जहाजाला गाठायला वेळ घेते. अख्ख्या प्रवासात वेणूला आईच्या दोनच चिठ्ठ्या मिळतात. तिसरी पोहोचण्याच्या सुमारास येते. चौथ्या गोष्टीत ती जहाजावर आईच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उशाशी घेऊन झोपत होती. आता दोनच आहेत, घडीवर फाटायला आलेल्या.

आता अकराव्या गोष्टीतली पेटी. गंगूमाय गेल्यावर तिची पेटी उघडतात आणि चिठ्ठ्या मोजतात. जुन्या खर्ड्यात ३३ होत्या, वर्षाला एक या हिशेबाने. खरा आकडा प्रवासातल्या ८, 'पोहोचले' १, आणि नंतर २१६४ पर्यंतच्या ७, असा १६ येतो. ही नोंद करताना आठ अ नसतं, तर तेराव्या गोष्टीत एका पणतीने सहज उच्चारलेला 'तेहतीस' हा शब्द माझ्या हातून नक्की सुटला असता.

मंगळाचं त्यामानाने सोपं. तिथून निरोप यायला अंतराप्रमाणे सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. दोन गोष्टींत वेगवेगळा विलंब असला तरी चालेल, समोरासमोर बसल्यासारखे संवाद मात्र नकोत.

आपणच रचलेल्या गोष्टी भांडतात तेव्हा

इथे आभाळ मदतीला येत नाही. दुसऱ्या गोष्टीत, २०६३ मध्ये, गावातली शेवटची बैलजोडी विकली जाते. सातव्या गोष्टीत, २११८ मध्ये, पोळ्याला तोरणाखाली बैल उभे. दोन्ही प्रसंग मला जिवापलीकडे हवे होते.

नवीन लेखक अशा वेळी खुलासा लिहितो: मधल्या काळात कोणीतरी बाहेरून बैल आणले. मीही तसं लिहून पाहिलं. मग बैल कोणी आणले, त्यांना चारा कुठला, गोठे तर २०६३ लाच पाडले होते. एका खुलाशापायी तीन नवीन विसंगती झाल्या. रजिस्टरात 'कुठे लागू' हा रकाना भरायला बसलो तेव्हा तो खुलासा मी सोडून दिला.

उत्तर आमच्याच घरात होतं. तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल सजवून मिरवतात, घरोघरी नेतात. २११८ मध्ये मोठा पोळा उरलेला नाही, तान्हा पोळा हाच गावाचा पोळा झालेला आहे, आणि म्हातारी माणसंही आपले लाकडी बैल घेऊन तोरणाखाली उभी राहतात. ज्याने २०६३ ला जोडी विकली, त्याचा नातू त्या जोडीच्या खऱ्या वेसणी लाकडी बैलांना बांधून आणतो. दुसरी गोष्ट जशीच्या तशी राहिली, सातवीतली चार वाक्यं बदलली, आणि सहावीत आता गंगूमाय लाकडी बैलांची पूजा करते.

पण असं दरवेळी होत नाही, आणि त्याची वाट बघत बसू नये. एका वावराची आराजी पहिल्या गोष्टीत तीन एकर आणि आठव्या गोष्टीत पाच एकर होती. त्यात काही अर्थ दडलेला नव्हता. आठवीत तीन एकर केली आणि विषय संपवला.

एक अडचण मालिका सुरू करतानाच टाळता येते. माझी पहिली गोष्ट मूळची २०२२ सालात होती, आणि तिच्यात दारव्ह्याहून शकुंतला रेल्वे धावत होती. ते साल आलं तेव्हा गाडी बंद पडलेली होती. मला गोष्ट २०४१ ला न्यावी लागली आणि पाच गोष्टींची सालं हलली. पहिली गोष्ट निदान पंचवीस वर्षं पुढे ठेवा.

बोलणं जुळत नसेल तर

वाचणारे आकड्यांपेक्षा बोलण्यातली चूक लवकर पकडतात, निदान आमच्याकडे तरी. आमच्या वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो: डोया, काया, पोया. भंडारा-गोंदियाकडच्या झाडीबोलीत त्याच 'ळ' चा 'र' होतो: डोरा, कारा, पोरा. वेणूचा बाप साकोलीकडचा, घरजावई म्हणून आलेला. एका गोष्टीत त्याच्या तोंडी 'पोया' होतं, ते 'पोरा' केलं. आता वेणू लहानपणी दोन्ही बोलते, आणि चिठ्ठीत बापाची आठवण काढताना नेमका तिथे 'र' येतो. दोनशे वर्षांनंतरची बोली कशी असेल ते मी ठरवलेलं आहे, पण शब्दांची यादी करून नाही. फक्त तीन-चार नियम लिहून ठेवले आहेत: कुठला आवाज कुठे गेला, 'करून राहिलो' हे टिकलं की नाही. नियम असले की चौदाव्या गोष्टीतलं माणूस आपोआप सारखं बोलतं.

पात्राची चूक आणि लेखकाची चूक वेगळी ठेवा. आमच्याकडे म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, 'बहात्तरच्या दुष्काळात', 'मोठ्या पुराच्या वर्षी' असं सांगतात, आणि त्यात दोन-तीन वर्षं इकडेतिकडे होतात. गोष्टीतल्या माणसालाही तेवढी मोकळीक हवी. माझ्या रजिस्टरात अशा नोंदीपुढे 'तोंडी' असं लिहिलेलं असतं. 'तोंडी' लिहिलेलं नसेल तर ती माझी चूक धरायची आणि फेरफार घ्यायचा. नाहीतर प्रत्येक चूक पात्राच्या गळ्यात घालून मोकळं होण्याची सवय लागते.

सध्या अडलेलं

आजवर साठ फेरफार झाले. एकसष्टावा अडला आहे.

पेटीतल्या चिठ्ठ्यांचा आकडा १६ केला आणि नोंद त्या मुलीकडे सहीसाठी दिली. पंधरा दिवसांच्या आतच तिने रजिस्टर परत आणलं. सही नव्हती.

"काका, माय २१६५ ले गेली. पन वेणूले तं ते मालूम नाही ना. तिच्यापर्यंत खबर जायाले बारा वर्षं लागतीन. तोवर थे लिहीतच राहीन. अन् तिनं लिहिलेलं इथं यायाले अजून बारा."

आम्ही तिथेच बसून मोजलं. मृत्यूची खबर वेणूपर्यंत पोहोचते २१७६ च्या शेवटी. त्याआधी तिने आईला धाडलेली शेवटची चिठ्ठी गावात येते २१८८ च्या पावसाळ्यात. म्हणजे गंगूमाय गेल्यानंतरही दर वर्षी एक, अशा २४ चिठ्ठ्या तिच्या नावाने येत राहतात. आणि बाराव्या गोष्टीत, २१७० मध्ये, मी ते घर विकलेलं आहे आणि चिठ्ठ्या घेणारं यंत्र भंगारात गेलेलं आहे.

"मंग त्या चिठ्ठ्या वाचल्या कोनं?" ती म्हणाली.

फेरफार क्र. ६१. गोष्ट बारावी. पूर्वीची नोंद: घर विकलं, यंत्र भंगारात. हरकत आली आहे. कुठे लागू: तेरावी, चौदावी. नवीन नोंद: रकाना कोरा.